आवाजाची पातळी : किती ठेवावी आणि का?

जात्यावरच्या ओव्या आता खेड्यांतही क्वचितच कानावर पडतात. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि जाते अडगळीत गेले. लग्नघरी हळद दळण्यापुरते ते बाहेर निघते. रोज पहाटे जात्यावर बसून ज्यांनी ओव्या म्हटल्या त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा ठेवा सर्वांसाठी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. एवढे काम एखाद्या शाळेला झेपणार नाही. पण आपल्या गावातल्या चार आज्यांचे आवाज नीट जपून ठेवणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहेच. प्रश्न उरतो तो आवाज किती ‘मोठा’ घ्यायचा हा. दिसायला तो साधा आहे, पण बहुतेकांचे उत्तर तिथेच चुकते.

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने आपल्या आजीच्या ओव्यांची दोन मुद्रणे मला ऐकायला पाठवली होती. पहिल्यात आवाज चांगला दणदणीत, पण ओवीचा सूर वर चढला की फाटल्यासारखा. दुसरे इतके बारीक की फोन कानाला लावावा लागे, आणि मागे पंख्याची घरघर. यांतले कोणते दुरुस्त होईल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांची स्वतःची अपेक्षा पहिल्याकडून होती, कारण त्यात निदान ‘भरपूर आवाज’ होता. प्रत्यक्षात दुसरे बरेचसे दुरुस्त झाले. पहिले झाले नाही, आणि कोणत्याही यंत्राने ते पूर्ण दुरुस्त होणार नाही. असे का, हे एकदा कळले की पातळी ठेवण्याचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पाटीवरचा एक प्रयोग

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विद्युतदाबाच्या चढउतारात रूपांतर करतो. पुढचे मंडल हा विद्युतदाब सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप एका पूर्णांकाच्या रूपात लिहून ठेवते. मुद्रण म्हणजे या आकड्यांची लांबलचक यादी. यादीत लिहिता येणाऱ्या आकड्याला मात्र वरची एक मर्यादा असते.

समजा, ही मर्यादा ७ आहे. म्हणजे उणे ७ ते अधिक ७ एवढेच पूर्णांक आपल्याला लिहिता येतात. आता एक लाट आली, तिच्या अर्ध्या भागाची खरी मोजमापे अशी : ०, ४, ७, ९, १०, ९, ७, ४, ०. आपली यादी होईल ०, ४, ७, ७, ७, ७, ७, ४, ०. लाटेचा शेंडा छाटला गेला. ‘आवाज जास्त झाला, मग कमी करू’ म्हणून सगळे आकडे निम्मे केले तरी शेंडा सपाटच राहतो, फक्त खाली येतो. मधली तीन मोजमापे ९, १०, ९ होती की ८, १३, ८ होती, हे यादी पाहून कोणालाच सांगता येणार नाही. ती माहिती यादीत नाहीच. संगणकाच्या काही आज्ञावल्या आजूबाजूचा चढ पाहून शेंड्याचा अंदाज बांधतात आणि छाटणी थोडी असेल तर तो अंदाज कानाला बरा लागतो. पण तो अंदाजच.

आता तीच लाट मुद्रणापूर्वीच निम्मी करून घेऊ. खरी मोजमापे होतील ०, २, ३.५, ४.५, ५, ४.५, ३.५, २, ०. पूर्णांकच लिहायचे असल्याने यादी होईल ०, २, ४, ५, ५, ५, ४, २, ०. घरी येऊन सगळे दुप्पट केले : ०, ४, ८, १०, १०, १०, ८, ४, ०. मूळ लाटेशी ताडून पाहा. चूक कुठेही १ पेक्षा जास्त नाही, आणि लाटेचा आकार ओळखता येतो. लाट पाव करून घेतली तर चूक वाढून २ पर्यंत जाते, तरी शेंडा शेंडाच राहतो. विद्यार्थ्यांनी हे आलेखाच्या कागदावर काढून पाहावे. त्याला फोनही लागत नाही आणि वीजही लागत नाही.

पातळी चुकण्याचे दोन प्रकार आहेत, पण त्यांचे नुकसान सारखे नाही, हे येथे स्पष्ट दिसते. पातळी जास्त झाली तर काही माहिती कायमची जाते. कमी झाली तर सगळी माहिती थोडी खडबडीत होते. आणि ही खडबड किती? आपल्या खेळात मर्यादा ७ होती. साध्या १६ बिटांच्या मुद्रणात ती ३२,७६७ असते. म्हणजे पाव उंचीवर घेतलेल्या लाटेलाही वर आणि खाली प्रत्येकी आठ हजारांवर पायऱ्या मिळतात. २४ बिटांच्या मुद्रणात एकूण पायऱ्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक असतात. तिथे पूर्णांकात लिहिण्याने होणारी चूक कानाच्या कक्षेतच येत नाही.

छाटलेली लाट कानाला ‘फाटकी’ का वाटते, तेही सांगायला हवे. गोल शेंड्याची शुद्ध लाट एकाच वारंवारतेची असते. तिचा शेंडा दोन्ही बाजूंनी सपाट केला की मूळच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे स्वर तिच्यात आपोआप मिसळतात. २०० हर्ट्झच्या स्वरात ६००, १०००, १४०० हर्ट्झचे स्वर येतात, जे आजीच्या गळ्यातून निघालेच नव्हते. अंकीय मुद्रणात आणखी एक उपद्रव होतो. सेकंदाला ४४,१०० मोजमापांत २२,०५० हर्ट्झच्या वरची वारंवारता मावत नाही. ती दुमडून खाली येते. ५,००० हर्ट्झच्या छाटलेल्या स्वराची पाचपट, म्हणजे २५,००० हर्ट्झ, ही १९,१०० हर्ट्झ होऊन बसते. तिचा मूळ स्वराशी कसलाही मेळ नसतो. जुन्या फितीचा आवाज फुटायचा तेव्हा तो हळूहळू जाडसर होत जाई. अंकीय आवाज फुटतो तेव्हा एकदम करकरतो, तो या कारणाने.

काठापासून खाली मोजायचे

मुद्रणाच्या पातळीचे मोजमाप उणे चिन्हाने लिहितात, आणि त्याने पुष्कळजण बिचकतात. आपल्याकडे विहिरीतले पाणी जसे सांगतात तसेच हे आहे. ‘पाणी वीस फुटांवर आहे’ म्हणजे काठापासून वीस फूट खाली. येथेही यादीत लिहिता येणारा सर्वांत मोठा आकडा म्हणजे काठ, त्याला शून्य डेसिबल म्हणायचे, आणि आवाजाचा शेंडा त्याच्या किती खाली आहे ते सांगायचे. डेसिबल हे गुणोत्तराचे माप आहे : कंपविस्तारांच्या गुणोत्तराचा दहा पायाचा लॉगॅरिदम घेऊन त्याला २० ने गुणायचे. निम्मा कंपविस्तार म्हणजे उणे ६, पाव म्हणजे उणे १२, दहावा हिस्सा म्हणजे उणे २०. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना लॉगॅरिदमचा याहून जिवंत उपयोग दाखवणे कठीण आहे.

काठाच्या वर काही नाही. तळाशी मात्र गाळ आहे : मंडलाचा, मायक्रोफोनचा आणि खोलीचा गोंगाट. आवाज काठावरून सांडू नये आणि गाळातही रुतू नये, एवढेच साधायचे आहे. मग नेमके किती खाली ठेवायचे?

याचे उत्तर काळानुसार बदलले आहे, आणि जुने उत्तर लोकांच्या हाडीमाशी इतके रुजले आहे की थोडे मागे जावे लागेल. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा वीज वापरात नव्हती. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी गायचे, त्या दाबाने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायचा. पातळी ठेवण्याचे साधन एकच, कर्ण्यापासूनचे अंतर. वरच्या सुराला मागे सरकायचे आणि खालच्या सुराला पुढे. मेणाची तबकडी वाजवून पाहिली तर ती खराब होई, म्हणून घेतलेले कसे आले ते लगेच ऐकण्याचीही सोय नव्हती. १९२५ पासून विजेवरचे मुद्रण आले आणि पातळी बटणाने ठरू लागली. १९३९ मध्ये अमेरिकेत पातळी दाखवणारी काट्याची तबकडी प्रमाणित झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे जगभरच्या मुद्रकांनी तिच्याकडे पाहत काढली.

त्या काळचा नियम असा होता : काटा लाल पट्टीला टेकेल इतका आवाज घ्या. तो बरोबरच होता. साध्या कॅसेटच्या फितीत सर्वांत मोठा स्वच्छ आवाज आणि फितीची स्वतःची सळसळ यांत पन्नास-पंचावन्न डेसिबलांचे अंतर असे. पातळी दहा डेसिबल कमी ठेवली तर फितीची सळसळ तेवढी वर येई. शिवाय फितीला थोडा जास्त आवाज सोसत असे. तळ वर होता आणि काठ मऊ होता, म्हणून काठाशी खेळणे शहाणपणाचे होते.

आज १६ बिटांच्या मुद्रणाचा तळ काठापासून सुमारे ९६ डेसिबल खाली आहे. २४ बिटांचा हिशेबाने १४४ खाली, आणि प्रत्यक्ष मंडलांत चांगल्यातला चांगला १२० च्या आसपास. काठ मात्र दगडी झाला. तळ खोल गेला आणि काठ कठीण झाला, तरी अनेक जण अजून पट्टी लाल होईपर्यंत बटण पिळतात. कारण ते ज्यांच्याकडून शिकले ते फितीवर शिकले होते.

पंखा, अंतर आणि गोधडी

माध्यमाचा गोंगाट जवळजवळ नाहीसा झाल्यावर उरला खोलीचा. हा हिशेब नीट करून पाहण्यासारखा आहे. सामान्य बोलणे एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते. (ही डेसिबले हवेतल्या दाबाची, ती ऐकू येण्याच्या उंबरठ्यापासून वर मोजतात. मघाची काठापासून खाली. दोहोंची गल्लत करू नये.) छताच्या पंख्याचा गोंगाट ५० धरू. म्हणजे मायक्रोफोन एक मीटरवर असेल तर आवाज आणि पंखा यांत अंतर फक्त १० डेसिबलांचे. मायक्रोफोन २० सेंटिमीटरवर आणला की आवाज १४ डेसिबलांनी वाढून ७४ होतो, कारण अंतर पाचपट कमी झाले. पंखा मात्र जिथे होता तिथेच राहतो. फरक आता २४. दहा सेंटिमीटरवर तो ३० होतो. आणि पंखा बंद केला, रात्रीची शांत खोली ३० डेसिबलांची असली, तर २० सेंटिमीटरवरही ४४ डेसिबलांचे अंतर मिळते.

बटण पिळून यांतले काहीही मिळत नाही. बटण आवाज आणि पंखा दोघांनाही सारखेच वर उचलते. आवाज आणि गोंगाट यांच्यातले अंतर वाढवण्याचे उपाय दोनच : मायक्रोफोन जवळ आणणे किंवा गोंगाट कमी करणे. गायसबर्गच्या कर्ण्यापुढे जे खरे होते ते येथेही खरे आहे.

पंखा बंद करा, हे घाटावरच्या माणसाने सांगणे सोपे. बुलडाणा-चिखलीकडे मे महिन्यातही पहाट सुसह्य असते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावकडे उन्हाळ्यात पंखा बंद करून म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटे बसवणे हा छळ होईल. अशा वेळी काम हिवाळ्यावर टाकावे, किंवा पहाटे करावे. जात्याची वेळ तशीही पहाटेचीच. वीज गेल्याची वेळ साधता आली तर उत्तम. फोन बॅटरीवर चालतोच, आणि पंख्याबरोबर विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही जाते.

पत्र्याच्या वर्गखोलीत घुमारा येतो, तो पातळीच्या मोजणीत दिसत नाही पण कानाला दिसतो. भिंतीवरून परतलेला आवाज थांबवण्याचा आपल्याकडचा उपाय घरोघरी आहे. गोधड्या, वाकळा, कापसाच्या गाद्या. बोलणाऱ्याच्या मागे आणि एका बाजूला दोरीवर दोन जाड गोधड्या टाकल्या की खोली शांत होते. महागडे फेस यापेक्षा फारसे वेगळे काही करत नाहीत.

जात्याचे स्वतःचे काही प्रश्न आहेत. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवतात आणि आळीपाळीने ओवी उचलतात. फोन एकीच्या पुढ्यात ठेवला तर दुसरीचा आवाज निम्म्याहून कमी येतो. तो दोघींपासून सारख्या अंतरावर, तोंडाच्या उंचीच्या जवळ असावा. जमिनीवर मुळीच ठेवू नये. दगडाची घरघर जमिनीतून थेट त्यात शिरते. पाटावर घडी केलेली गोधडी, तिच्यावर फोन, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मराठीत महाप्राण अक्षरे फार. ख, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो मायक्रोफोनवर आदळला की पातळी एकदम काठावर जाते. म्हणून मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता जरा बाजूला ठेवावा, रोख तोंडाकडेच.

आता आकडा सांगता येईल. आधी एकदा सराव म्हणून गाऊन घ्यावे, आणि सर्वांत वरचा सूर लागेल तेव्हा शेंडा उणे १२ च्या आसपास जाईल अशी पातळी ठेवावी. सरावात माणूस संकोचून गातो. रंगात आल्यावर आवाज सहज पाच-सहा डेसिबलांनी वाढतो. तेव्हा शेंडा उणे ६ वर जाईल, तरी सांडणार नाही. बोलण्यात शेंडे सरासरीपेक्षा बारा-पंधरा डेसिबल उंच असतात, म्हणजे सरासरी उणे २५ च्या जवळपास राहील. पडद्यावरची लाट बारीक दिसेल आणि मन म्हणेल की वाढवा. वाढवू नये. फोनमधल्या चिमुकल्या मायक्रोफोनचा स्वतःचा खरखराट सुमारे ३० डेसिबलांच्या आवाजाइतका असतो, खोलीचा त्याहून जास्त. मुद्रणाचा तळ या दोहोंच्या पुष्कळ खाली आहे. १२ डेसिबल मोकळे सोडल्याने आपण काहीच गमावत नाही.

फोनच्या बाबतीत एक खोच आहे. बहुतेक फोन पातळी आपोआप बदलतात. गाणारी थांबली की यंत्राला वाटते आवाज कमी झाला, आणि ते पंख्याला वर उचलते. ती पुन्हा गाऊ लागली की पहिला शब्द आदळतो आणि मग खाली दाबला जातो. जुन्या कॅसेट रेकॉर्डरमध्येही ही सोय असे आणि तेव्हाही ती गाण्याची चाल मोडायची. ती बंद करता येईल असे ध्वनिमुद्रणाचे अॅप निवडावे, आणि ‘वेव्ह’ या स्वरूपात, न आवळता मुद्रण करावे. व्हॉट्सअॅपवरून बोलून पाठवलेला संदेश हे मुद्रण नव्हे. तो इतका आवळलेला असतो की त्यातून गळ्याचा पोत निघून जातो. फाइल पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

अलीकडे ३२ बिटांच्या, दशांश-चिन्ह सरकवणाऱ्या पद्धतीचे छोटे ध्वनिमुद्रक मिळतात. त्यांच्या यादीतल्या आकड्यांचा पल्ला हिशेबाने दीड हजार डेसिबलांच्या वर आहे, म्हणून ‘यात पातळी ठेवावीच लागत नाही’ अशी जाहिरात असते. यादीपुरते ते खरे आहे. पण मायक्रोफोनचा पडदा आणि त्यामागचे मंडल यांना त्यांच्या मर्यादा आहेतच. ढोलकीच्या तोंडाशी धरलेला मायक्रोफोन यादीपर्यंत पोचण्याआधीच फुटतो. शाळेने त्यासाठी खर्च करावा असे मला वाटत नाही. त्याच पैशात एक बरा मायक्रोफोन आणि स्टँड येतो.

अनेक आवाज एकत्र

एकट्या आवाजाचे झाले. शाळेत मुद्रण करायचे असते ते बहुधा समूहगीताचे, भजनाचे. एका मुलाच्या आवाजाला दुसऱ्या तितक्याच आवाजाची जोड मिळाली की पातळी ३ डेसिबलांनी वाढते, दुप्पट होत नाही, कारण दोघांच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या नसतात. दहा मुले मिळून एकापेक्षा १० डेसिबल, चाळीस मुले १६ डेसिबल. एका मुलाला उभे करून शेंडा उणे १२ वर ठेवला आणि मग वर्ग गाऊ लागला, तर हिशेबाने पातळी अधिक ४ वर जाते. म्हणजे सगळेच छाटले जाते. म्हणून चाचणी पूर्ण वर्गाची घ्यावी, आणि तीही धृपदाची.

टाळ हा वेगळाच मासला. शेगावहून आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीत टाळ-मृदंगाचा गजर ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना टाळाची धार ठाऊक आहे. टाळावर टाळ आदळतो तो क्षण काही सहस्रांश सेकंदांचाच असतो, पण शेंडा प्रचंड उंच. १९३९ सालच्या त्या काट्याला पुरते वर चढायला सेकंदाचा सुमारे तीन-दशांश भाग लागे. टाळाचा शेंडा येऊन गेला तरी काट्याला पत्ता नसे. तो सरासरी सांगायचा. आजच्या पडद्यावरच्या पट्ट्यांपैकी काही शेंडा दाखवतात, काही सरासरी, काही दोन्ही. आपली पट्टी कोणती हे टाळी वाजवून कळते. टाळीला पट्टी ताडकन उसळली तर ती शेंड्याची, आळसावून थोडीशी हलली तर सरासरीची. भजनासाठी शेंड्याची हवी, आणि उणे १२ ऐवजी उणे १८ पर्यंत खाली उतरायला हरकत नाही.

गाणे, पेटी, ढोलकी वेगवेगळी मुद्रित करून संगणकावर मिसळायची असतील तर बेरीज लक्षात ठेवावी. प्रत्येकाचा शेंडा उणे ६ असेल आणि दोन शेंडे नेमके एका क्षणी आले, तर बेरीज शून्यावर, काठावर. चार आले तर अधिक ६. मिश्रण करताना नवशिका ‘पेटी ऐकू येत नाही’ म्हणून पेटी वाढवतो, मग गाणे दबले म्हणून गाणे, मग ढोलकी. अर्ध्या तासात सगळे काठावर. उलट करावे. सगळे खाली ओढावे, गाणे एका जागी ठेवावे आणि त्याच्याभोवती बाकीचे खालून वर आणत जावे. काहीतरी दबले असे वाटले तर ते वाढवण्याआधी बाकीचे कमी करून पाहावे.

ऑडॅसिटीसारख्या, फुकट मिळणाऱ्या संगणकीय संपादकात आतली बेरीज दशांशात चालते, त्यामुळे मिसळताना पट्टी लाल झाली तरी एकत्रित पातळी खाली ओढून ती वाचवता येते. मूळ मुद्रणातच छाटलेले मात्र वाचत नाही. छाटणी कोणत्या टप्प्यावर झाली हे यासाठी शोधावे लागते. लाट मोठी करून पाहावी. मूळ फाइलमध्येच शेंडे एका रेषेत कापलेले दिसले तर ती पहिल्या टप्प्यावरची. कधी हे सपाट शेंडे काठाच्या खालीच दिसतात, कोणीतरी नंतर आवाज कमी केलेला असतो. शिक्षिकेच्या आजीची पहिली ओवी तशीच होती. पट्टीवर उणे ५, म्हणून सगळे ठीक वाटायचे, आणि लाट पाहिली तर डोंगराऐवजी पठारे.

जात्याची घरघर मिश्रणात आणखी एक गंमत करते. ती बहुतांशी खालच्या वारंवारतेची असते. फोनच्या इवल्या कर्ण्यातून ती ऐकूच येत नाही, पण यादीत ती जागा अडवून बसते. तिच्या लाटेवर स्वार होऊन आवाजाचे शेंडे काठापर्यंत पोचतात, ऐकणाऱ्याला मात्र आवाज लहानच वाटतो. बाईच्या गळ्याचा मूळ स्वर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून ८० हर्ट्झच्या खालचे गाळून टाकले तर गाण्याला धक्का लागत नाही आणि पाच-सहा डेसिबल जागा मोकळी होऊ शकते. हे गाळणे मुद्रण करताना करू नये. जात्याची घरघर हा त्या ओवीचा ठेकाच आहे, आणि पुढे कोणाला तोच अभ्यासायचा असेल. गाळायचे ते नकलेत.

राहिली ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारी अखेरची पातळी. शेंडा किती उंच आहे यावरून कानाला आवाज किती मोठा वाटेल हे ठरत नाही. टाळाचा शेंडा उंच असूनही तो क्षणात संपतो, आणि सलग निवेदन बुटके असूनही मोठे वाटते. कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचे मोजमाप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रमाणित केले. त्याच्या आधारे युरोपातील प्रसारण संघटनेने २०१० मध्ये सर्व कार्यक्रमांसाठी उणे २३ ही एकच पातळी सुचवली. कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात अंगावर येते, ही तक्रार जगभर होती. फोनवर ऐकायच्या भाषणाला वा ओवीला सुमारे उणे १६ ठीक पडते, आणि शेंडे उणे १ च्या वर जाऊ देऊ नयेत, कारण फाइल आवळताना ते थोडे वर सरकतात. ऑडॅसिटीत हे मोजमाप करून पातळी आणून ठेवणारी आज्ञा आहे. अखेरची ही वाढ एकदाच, सगळे मिसळून झाल्यावर करायची.

मुद्रणाच्या सुरुवातीलाच गाव, तालुका, तारीख आणि गाणारीच्या संमतीने तिचे नाव बोलून घ्यावे. कागद हरवतो, पण हे आवाजाबरोबरच राहते. हे बोलणाऱ्याने मायक्रोफोनपासून दोन हात मागे राहून बोलावे, नाहीतर पातळी त्याच्या दणकट आवाजावर ठरते आणि आजीची ओवी तळाला जाते. मूळ फाइलची, काहीही न बदललेली, एक प्रत शाळेच्या संगणकावर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. गाळणे, वाढवणे, मिसळणे हे सारे तिसऱ्या प्रतीवर.